काळ्या आसनाची नोंद

रायस्वाइक, १९ एप्रिल २०२०

प्रिय मनोहरकाका,

तुम्ही आणि शामलाकाकू बरे आहात ना? फोन करायचा तर इथे हरीशच्या मीटिंगा आणि ईशानची ऑनलाइन शाळा एकाच टेबलावर चाललेल्या असतात. बाल्कनीत जाऊन बोलावं तर आठ अंश. म्हणून ईमेलवर पत्रच लिहिते. बाबा होते तेव्हाही तुम्ही दोघं एकाच शहरात राहून एकमेकांना पत्रं लिहायचात, ते आठवलं.

माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपलं आणि पुढे वाढवलं नाही. अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केल्यावर पहिल्यांदाच सोमवारी सकाळी मला कुठे लॉग-इन करायचं नाही. हरीश म्हणतो, आराम कर. आराम म्हणून कपाटं आवरली, डबे आवरले. आता आवरण्यासारखं घरात काही उरलं नाही.

मग लिफ्टमध्ये चिठ्ठी लावली, कुणाला सामान आणून हवं असेल तर सांगा म्हणून. पहिला फोन खालच्या मजल्यावरच्या आल्डर्स आजोबांचा. वय चौऱ्याऐंशी, एकटे, मुलगी कॅनडात. ईशान त्यांना ‘ओपा’ म्हणतो, डचमध्ये आजोबा, म्हणून आम्हीही. दर गुरुवारी मी आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमधून त्यांचं सामान आणते आणि दाराशी ठेवते. परवा त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि माझी पिशवी हातातच राहिली. काका, मागची सगळी भिंत लाकडाची! मुखवटे, बाहुल्या, फण्या. हातमागाची दोरी फिरवायची एक कप्पी, वीतभरसुद्धा नाही, आणि तिच्यावर डोळे मिटलेल्या बाईचा चेहरा. रस्सा वाढायचा एक डाव, त्याला दांड्याऐवजी दोन पाय, पोटऱ्यांसकट. तुम्ही असतात तर तिथून हलला नसतात.

ओपा तरुणपणी दहा वर्षं घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये एका लाकूड कंपनीचे सर्व्हेअर होते. तेव्हा जमवलेल्या या एकतीस वस्तू. सगळ्या एका विद्यापीठाला द्यायच्या आहेत, मुलांना हातात घेऊन शिकता याव्यात म्हणून. त्यासाठी प्रत्येकीची नोंद हवी: कुठली, कधीची, कशी मिळाली. हात थरथरतात, म्हणाले. मला विचारलं आणि मी हो म्हणून बसले.

तुम्ही संग्रहालयाच्या काष्ठ विभागात तीस वर्षं काढलीत. नोंद कशी करायची, पहिलीपासून शिकवा.

तुमची,
मालिनी


पुणे, २ मे २०२०

चि. मालिनी,

मी कागदावर लिहितो, शामला मोबाइलवर फोटो काढून तुला पाठवते. शब्द लागला नाही तर तिला विचार, तिला माझं अक्षर माझ्यापेक्षा बरं लागतं. आम्ही ठीक. दूध येतं, भाजी एक दिवसाआड. बाकी सगळं शहर दाराला कडी लावून बसलं आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रिटायर होऊन सोळा वर्षं झाली. काष्ठ विभागाबद्दल मला कुणी काही विचारेल असं वाटलं नव्हतं.

ऐक. वस्तू दोन्ही हातांनी, पोटातून उचलायची. कानाला, हाताला, शिंगाला धरून कधीच नाही. ओलं फडकं लावायचं नाही; मऊ कुंचला पुरे. मोजमाप सेंटिमीटरमध्ये. मग वस्तू उलटी करायची. समोरची बाजू सगळ्यांनी बघावी म्हणून केलेली असते. तळाशी झीज दिसते, कीड दिसते, करवत दिसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पाहिलेलं एका रकान्यात लिही आणि ऐकलेलं दुसऱ्या. दोन्ही एका वाक्यात घालू नकोस. वाक्य छान होतं, पण नोंद बिघडते.

पश्चिम आफ्रिकेचं मला फारसं ज्ञान नाही, पण लाकूड सगळीकडे लाकूडच. फोटो पाठवत जा, तळाचेही.

मनोहरकाका


रायस्वाइक, ११ ऑक्टोबर २०२०

प्रिय काका,

एकोणीस वस्तू झाल्या! दर गुरुवारी दोन तास. खिडक्या उघड्या, दोघं मास्क लावून, मध्ये जेवणाचं लांब टेबल. ओपा आठवून सांगतात, मी इंग्रजीत लिहून घेते. त्यांच्या जुन्या डच वह्याही दिल्यात, गावांची स्पेलिंगं बघायला. मला डच वाचता येत नाही, म्हणून सरसकट सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवलेत. पण काका, त्यांचं सांगणं असं असतं की माझं पेन थांबतं. मी विचारते, मग पुढे? आणि ते हसतात.

या गुरुवारची वस्तू सर्वांत मोठी. आसन म्हणू की चौरंग? एकाच ओंडक्यातून कोरलेलं, वरची बैठक होडीसारखी दोन्हीकडे उचललेली, खाली मधोमध खांब. आणि काळंकुट्ट, जाड थर चढलेलं, हाताला तेलकट लागतं. त्याची गोष्ट अशी: १९६८ साली घानातल्या एका गावात तापाची साथ होती. पूल वाहून गेलेला. ओपा कमरेइतक्या पाण्यातून गोळ्या घेऊन गेले. तिथे आसनं ठेवायची एक वेगळी खोली असते, तिचा रखवालदार तापाने फणफणलेला. तो वाचला. गावाने कृतज्ञतेने हे आसन त्यांना दिलं. सांगताना ओपांनी डोळे पुसले. मीही रडले, मास्क ओला झाला.

एक गंमत सांगते. ओपांच्या पायाची जखम धुवायला आबेना नावाची नर्स येते. जन्म तिथल्याच कुमासी शहराचा, राहते हेगमध्ये. ती या वस्तूंच्या खोलीत पाऊल टाकत नाही. त्यांना स्वयंपाकघरात बोलावून पट्टी बांधते. मी विचारलं, तू चर्चला जातेस म्हणून का? ती हो म्हणाली. आपल्याच देशाच्या वस्तूंची भीती वाटावी! मला वाईट वाटलं तिच्यासाठी.

आसनाचे सहा फोटो जोडलेत, तळाचेही. आणि हो, रकाने मी एकत्र केले. वेगळे लिहिले की ओपांची गोष्ट तुटते. रागावू नका.

मालिनी


पुणे, २५ ऑक्टोबर २०२०

चि. मालिनी,

फोटो मिळाले. उजेड चांगला साधला आहेस. लाकूड टणक दिसतं, कीड नाही.

शामलाचे गुडघे दुखतात. दसरा घरातल्या घरात झाला. तू काम पूर्ण कर, आनंदात आहेस हे वाचून बरं वाटलं.

मनोहरकाका


रायस्वाइक, १४ फेब्रुवारी २०२१

प्रिय काका,

झालं! एकतीस वस्तू, शहाऐंशी पानं. मुखपृष्ठावर ओपांचं नाव, त्याखाली ‘नोंदी आणि लेखन: मालिनी’, पूर्ण नावासकट. हरीशने छापून, स्पायरल बाइंडिंग करून आणलं. आठवडाभर बर्फ होतं, समोरचा कालवा गोठला. ईशान शाळेतल्या मुलांबरोबर त्यावर घसरत होता आणि मी खाली ओपांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवत होते. ते डोळे मिटून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, “माझ्या मुलीलाही हे कधी ऐकावंसं वाटलं नाही.”

काका, बाबा गेले तेव्हा मी इथे होते. विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांचं काहीच ऐकून घेतलं नाही. कदाचित म्हणून हे एवढं मनापासून केलं. आता ओपा ते विद्यापीठाला पाठवतील.

तुमची पत्रं हल्ली फार लहान असतात. बरे आहात ना?

मालिनी


रायस्वाइक, ६ जून २०२१

प्रिय काका,

एप्रिलमध्ये तुम्ही दोघं आजारी होतात तेव्हा काकूंच्या दोन ओळींवर आम्ही दिवस काढले. आता तुम्ही घरात चालता-फिरता आहात, म्हणून हे लिहायचं धाडस करते.

मागच्या महिन्यात हरीशने गंमत म्हणून माझं नाव गूगल केलं. “अगं, तू फेमस झालीस!” म्हणत लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आम्स्टरडॅममधल्या एका लिलावघराचं पान होतं. ‘एका खासगी संग्रहातील पश्चिम आफ्रिकी काष्ठशिल्पं.’ एकतीस फोटो आणि प्रत्येकाखाली माझी वाक्यं. विद्यापीठाचा उल्लेख कुठेच नाही. मला वाटलं, काहीतरी घोटाळा झाला, ओपांच्या मुलीने परस्पर केलं असेल.

विचारायला खाली निघाले तर लिफ्टपाशी आबेना भेटली. ओपांना फसवलंय बहुतेक कुणी, म्हणत मी तिला फोन दाखवला. तिने आसनाची नोंद वाचली, सावकाश, बोटाने वर सरकवत. फोन परत दिला.

“हे देत नाहीत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“भेट द्यायची आसनं वेगळी असतात, पांढऱ्या लाकडाची. गावचा प्रमुख वारला की त्याचं स्वतःचं आसन काळं करतात आणि अंधाऱ्या खोलीत ठेवतात. त्याच्यासमोर अन्न ठेवतात, दारू ओततात. तो त्यात असतो. तू तुझ्या आजोबांना कुणाला भेट देशील?”

“मग इतके महिने तू मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे? चर्चमुळे का, असं विचारलंस. हो म्हणणं सोपं होतं. मला तिथे रोज कामाला जायचं असतं, मालिनी.”

मी खाली गेलेच नाही. घरी येऊन त्या वह्यांचे फोटो उघडले. मागच्या हिवाळ्यापासून मी इथल्या नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी डच शिकते आहे. शब्दकोश घेऊन १९६८ ची वही लावायला सहा दिवस लागले. त्यातल्या पाच-सहा ओळी जशाच्या तशा देते:

‘रखवालदाराला ताप. गोळ्या दिल्या, झोपला. किल्ली त्याच्या गळ्यात. दुपारी सगळे अंत्यविधीला गेलेले. आसन तंबूच्या कापडात गुंडाळलं. साखळी निघेना, ओढून काढली. नदी ओलांडेपर्यंत मागे पाहिलं नाही.’

गोळ्या खऱ्या होत्या, काका. तापही खरा होता.

मग खाली गेले. आल्डर्स खुर्चीत बसून सफरचंद सोलत होता. मी वहीचं पान टेबलावर ठेवलं. त्याने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाला, “तुला डच येतं?”

“आता येतं. तुम्ही मला खोटं सांगितलंत.”

“गोष्ट सांगितली. तुला गोष्ट हवी होती. दर गुरुवारी मोठे डोळे करून विचारायचीस, मग पुढे?”

“आणि विद्यापीठ?”

“त्यांनी दोन वर्षांपूर्वीच नाही म्हटलं. कागद मागत होते.” त्याने सफरचंदाची फोड माझ्यापुढे केली. “तेव्हा कागद नव्हते. आता आहेत.”

“मीच का?”

“मी लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. माझ्यासारख्यांवर आता कोण ठेवतं? पण भारतातली बाई. तुमच्याही घरातून गोऱ्यांनी सामान उचललंच आहे. तू लिहिलंस की ते स्वच्छ दिसतं.”

तो रागाने बोलत नव्हता. हवामानाबद्दल बोलावं तसं बोलत होता. वर म्हणाला, “आणि तुलाही बरं वाटत होतं. खोटं सांगू नकोस.”

लिलावघराला मी वहीची पानं पाठवली. त्यांनी आसन तेवढं मागे घेतलं. बाकीच्या तीस वस्तूंबद्दल पुरावा नाही, म्हणून त्या मंगळवारी विकल्या गेल्या, माझ्या वाक्यांसकट. दोन पायांचा डाव कुठे गेला ते मला कुणी सांगत नाही.

रात्रंदिवस एकाच गोष्टीचा आधार वाटतो. आसनाचे फोटो तुम्हीही पाहिले होते. तीस वर्षांच्या नजरेला कळलं नाही, तर मला कसं कळणार होतं?

मालिनी


पुणे, २० जून २०२१

चि. मालिनी,

मला कळलं होतं.

तळाचा फोटो मोठा करून पाहिला त्याच दिवशी. तो काळा थर रंगाचा नव्हता. आपल्याकडे तेल-शेंदूर पिढ्यान्‌पिढ्या चढलेल्या देवाला येतो तसा होता. पूजेत असलेली वस्तू गाव परक्याला देत नाही. खांबाला दोन भोकं होती, कडा फाटलेल्या. साखळी हिसकली की तशी होतात. तुला मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं. शामला विचारत होती, एवढंच? मी म्हटलं, एवढंच.

तू आनंदात होतीस, मन मोडवेना, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. तुला सांगायचं तर मी ते कशावरून ओळखलं हेही सांगावं लागलं असतं.

१९७९ साली राजापूरच्या आतल्या एका गावातून आमच्याकडे कोरीव लाकडी द्वारपाल आला. पुरुषभर उंच, फणसाच्या लाकडाचा. देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्या कंत्राटदाराने आणला होता. तळाशी करवतीच्या ताज्या खुणा होत्या, पायाची बोटं अर्धी कापलेली. देणारा माणूस देवाची बोटं कापून देत नाही. मी साहेबांना म्हटलं, गावाला एकदा विचारू. साहेब म्हणाले, “मनोहर, असं शिल्प पुन्हा मिळणार नाही. तिथे राहिलं तर वाळवी खाईल. तुम्ही नोंद करा.” मी नोंदवहीत लिहिलं: ‘ग्रामस्थांकडून सप्रेम भेट.’ वळणदार अक्षरात. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिही, हे मी तुला कुठून शिकून सांगितलं ते आता तुला समजलं असेल.

तुझा अपराधी,
मनोहरकाका


रायस्वाइक, २२ जून २०२१

काका,

आल्डर्स परका होता. त्याने मला वापरलं, त्याचं कारण तरी कळतं. तुम्ही मला लहानपणी संग्रहालयात नेऊन मूर्ती दोन्ही हातांनी धरायला शिकवलं होतंत. ऑक्टोबरमध्ये तुम्ही एक ओळ लिहिली असती तर त्या तीस वस्तू माझ्या नावावर विकल्या गेल्या नसत्या. आठ महिने तुम्ही ते माझ्यापासून लपवलंत. बर्फातलं माझं ते पत्र वाचून तुम्ही काय केलंत? मोबाइल बंद करून ठेवलात?

मला आता लिहू नका.

मालिनी


पुणे, १२ डिसेंबर २०२१

चि. मालिनी,

मी शामलाकाकू. यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं काय बिनसलं ते हे सांगत नाहीत. तुझी शेवटची दोन पत्रं यांनी मला वाचू दिली नाहीत, जूनमधल्या त्यांच्या पत्राचा फोटोही स्वतःच काढला. रोज सकाळी माझा मोबाइल मागून घेतात, तुझं काही आलं का बघतात आणि परत देतात. आजारातून उठल्यापासून बोलणं फार कमी झालंय.

मी मध्ये पडत नाही. फक्त तू बरी आहेस एवढं मला कळव. ईशानला नववं वर्ष लागलं ना?

शामलाकाकू


रायस्वाइक, २२ मे २०२२

मनोहरकाका,

काकूंना मी तेव्हा कळवलं होतं. आज तुम्हाला लिहिते आहे. तुमच्यावरचा राग गेला म्हणून नव्हे. एक गोष्ट घडली, ती तुम्हालाच सांगायला हवी म्हणून.

आसन वर्षभर लिलावघराच्या गोदामात पडून होतं. आल्डर्सने वकिलाच्या सल्ल्याने त्याच्यावरचा हक्क सोडला. पश्चात्ताप वगैरे नाही. कटकट नको म्हणून. अजून खालच्याच मजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये भेटला की गुड मॉर्निंग म्हणतो. मी जिन्याने जाते.

गाव आबेनाने शोधलं. चर्चमधल्या ओळखी, त्यांचे नातेवाईक, त्यांचे नातेवाईक, असं करत सात महिने. गेल्या बुधवारी तिथून दोन माणसं आली. एक वृद्ध, ज्यांना आसनाला हात लावायचा अधिकार आहे. दुसरे मिस्टर आदुसेई, निवृत्त शाळामास्तर, पासष्टीचे, कोट थोडा ढगळ. आम्ही बायका गोदामाबाहेर थांबलो, तसा नियम आहे. आतून दारूचा वास आला, मग वृद्धाचा आवाज, बराच वेळ, कुणाशी तरी बोलल्यासारखा. स्लोटरडाइक स्टेशनच्या गाड्या मागून धडधडत जात होत्या.

मी मनात तयारी करून गेले होते. ते आभार मानतील, मी नको नको म्हणेन. मिस्टर आदुसेई बाहेर आले आणि म्हणाले, “वही वाचणारी बाई तुम्हीच ना? मला ते पान वाचून दाखवा.”

गोदामाच्या ऑफिसात बसलो. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते, ते वहीत उतरवून घेत होते. ‘रखवालदाराला ताप. गोळ्या दिल्या, झोपला.’ तिथे त्यांनी हात वर केला. “पुन्हा.” मी पुन्हा वाचलं. ‘झोपला’ हा शब्द त्यांनी तीनदा वाचायला लावला.

“तो रखवालदार माझे वडील,” ते म्हणाले. “गावाने म्हटलं, यानेच गोऱ्याला दार उघडून दिलं. आईसह आम्हाला गाव सोडावं लागलं. मी अकरा वर्षांचा होतो. वडील बारा वर्षं जगले नंतर. मरेपर्यंत सांगत होते, मी झोपलो होतो. आम्ही मुलंसुद्धा पूर्ण विश्वास ठेवत नव्हतो.”

आबेना खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मग त्यांनी विचारलं, “आणि तुम्ही काय लिहिलं होतंत?”

मी म्हटलं, ते आता मागे घेतलंय. ते म्हणाले, “तरी वाचा.” काका, मी वाचलं. गावाने कृतज्ञतेने भेट दिली, रखवालदाराचे प्राण वाचले, सगळं. माझाच आवाज मला ऐकवेना. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले, वर्गात मुलाचा निबंध ऐकावा तसे.

“तुम्ही लिहिता छान,” ते म्हणाले.

दोन्ही पानांवर त्यांनी माझी सही घेतली. आसन वृद्धाबरोबर गेलं. ही पानं त्यांना स्वतःसाठी हवी होती; गावाच्या सभेत वाचायला, एक खरं म्हणून आणि एक खोटं म्हणून.

आता माझा प्रश्न. तुमच्या त्या देवळाला गुरव असेलच. द्वारपाल गेल्यावर गावाने कुणाला विचारलं असेल? तुम्ही त्रेचाळीस वर्षांत याची कधी चौकशी केलीत का? माझी माफी मागू नका. द्यायची असली तरी ती माझ्याकडे नाही.

मालिनी


पुणे, ५ जून २०२२

चि. मालिनी,

चौकशी करायची गरज पडली नाही. तो स्वतः आला होता.

गेल्या जूनच्या पत्रात हे मी तुला लिहिलं नाही. १९८१ च्या पावसाळ्यात एक माणूस काष्ठ विभागात आला, हातात कापडी पिशवी, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. द्वारपालासमोर तो दुपारभर उभा होता. पहारेकऱ्याने मला बोलावलं. म्हणाला, “साहेब, मी दत्ता गुरव. हा आमचा हो. गावात म्हणतात, मीच विकला. पूजा काढून घेतली माझ्याकडून. बायकोला विहिरीवर कुणी पाणी भरू देत नाही. मला तो परत नको साहेब, तुमच्याकडे नीट राहील. फक्त एक ओळ लिहून द्या, मी विकला नाही म्हणून. सही-शिक्क्याची.”

मी त्याला चहा पाजला. म्हटलं, साहेब बाहेरगावी आहेत, सोमवारी या. त्याने विचारलं, सोमवारी नक्की ना? मी म्हटलं, नक्की. तो शनिवार होता. दोन रात्री तो स्टँडवर झोपला असणार, पुण्यात त्याचं कुणी नव्हतं.

सोमवारी मी रजा टाकली.

मंगळवारी पहारेकऱ्याने सांगितलं, तो संध्याकाळी पाचपर्यंत पायरीवर बसून होता. नंतर तो कधी आला नाही आणि मी कधी विचारलं नाही.

काल शामलेला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी एक अख्खा दिवस बोलली नाही, असं पहिल्यांदा झालं. आज सकाळी म्हणाली, “मीही येते. तुम्ही वाटेतून परत याल.”

संग्रहालयातून नोंदवहीच्या पानाची प्रत मागून घेतली आहे. राजापूरची गाडी उद्या सकाळी सहाची. दत्ता असायचा नाही, माझ्याहून मोठाच होता. त्याचं कुणी असेल, किंवा ज्यांनी त्याला वाळीत टाकलं त्यांचं कुणी असेल. त्यांना काय सांगायचं याची चार पानं लिहिली होती, ती फाडली. आता एकच ओळ लिहिली आहे, खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि सही:

‘द्वारपाल दत्ता गुरवाने विकला नाही.’

मनोहर